मुठीएवढा कोळसा

उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई लोखंडाच्या भट्टीवर लिहितेय, हे स्टाफरूममध्ये कळलं तेव्हा एका सरांनी विचारलं, "मॅडम, बी.एड.ला तुमची सायन्स मेथड होती का?" नव्हती. मराठी आणि उर्दूच होती. पण कोल्हापुरात मी ज्या घरात वाढले त्या घरात दोन पगार यायचे आणि दोन्ही एकाच भट्टीतून यायचे. अब्बा मोल्डर होते. वाळूत साचे बांधायचे आणि भट्टी सुटली की त्यात लोखंड ओतायचे. अम्मीची बहीण, म्हणजे आमची खाला, लवकर विधवा झाली आणि आमच्यातच राहायला आली. ती त्याच कारखान्याच्या अंगणात कोळसा निवडायची. त्यामुळे कोळशाचा तुकडा केवढा असावा, हा प्रश्न आमच्या दस्तरखानावर जेवणाबरोबर यायचा. १९९१-९२च्या सुमाराला तर या एका प्रश्नावरून घराची दोन महिने चांगलीच ओढाताण झाली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचं शहर बाहेर चपलेसाठी, गुळासाठी आणि रश्श्यासाठी ओळखलं जातं, पण इथल्या हजारो चुली फाउंड्रीवर पेटतात. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची, ती विहिरींवर आणि गुऱ्हाळांवर जायची. इंजिन म्हटलं की फ्लायव्हील आलं, सिलिंडर आला, पंपाचं घर आलं आणि हे सगळं ओतकाम. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखाने वाढले, मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे भाग होऊ लागले. आता बहुतेक ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आहेत. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील फाउंड्रीत आहेत त्यांना कोळसा निवडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं.

ओतीव लोखंडाला मराठीत बीड म्हणतात. बिडाचा तवा आपल्याला ठाऊक असतो. उर्दूत त्याला ढलवाँ लोहा म्हणतात. 'ढलना' हे उर्दूत एकच क्रियापद आहे, दिवस कलतो तेव्हाही तेच आणि धातू साच्यात उतरतो तेव्हाही तेच. हीटच्या दिवशी ही दोन्ही कामं साधारण एकाच वेळी व्हायची, म्हणून मला तो शब्द फार आवडतो. असो, भट्टीकडे वळते.

जुनी भट्टी म्हणजे कुपोला. एक उभं, उंच नळकांडं, बाहेर पोलादी पत्रा आणि आत अग्निविटांचं अस्तर. तळाला वाळू ठोकून बसवायची, त्यावर कोकची जाड गादी रचून पेटवायची. गादी नीट लाल झाली की वरच्या दारातून थर टाकायला सुरुवात. एक थर लोखंडाचा (पिग आयर्न, भंगार, मागच्या हीटचे तोडलेले रनर-रायझर), मग एक थर कोकचा आणि वर थोडी चुनखडी. पुन्हा लोखंड, पुन्हा कोक. खालच्या अंगाला भोवताली भोकं असतात, त्यांना ट्वियर म्हणतात. ब्लोअर त्यातून हवा मारतो. लोखंड वितळून कोकच्या गादीतून थेंबाथेंबाने खाली झिरपतं आणि तळाशी साठतं. समोरचं भोक फोडलं की ते बाहेर येतं. वर तरंगणारी मळी मागच्या उंच भोकातून काढून टाकतात.

सगळे कोळसा म्हणत असले तरी तो कोक. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवून त्यातला धूर, डांबर, वायू काढून घेतले की जो कडक, सच्छिद्र, राखाडी दगड उरतो तो कोक. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. त्याचं एक कारण जंगलं संपत आली होती, हे आपण शाळेत शिकवतो. दुसरं कारण सहसा सांगितलं जात नाही. लाकडी कोळसा ठिसूळ असतो, त्याच्यावर फार वजन टाकलं तर त्याचा भुगा होतो. कोक वजन पेलतो. त्यामुळे भट्टी उंच करता आली. पुढे १७९४ साली जॉन विल्किन्सनने कुपोलाचं पेटंट घेतलं, तेही कोकच्या या ताकदीवरच उभं होतं.

म्हणजे कुपोलात कोक नुसता जळत नाही. तो खांब असतो, वरच्या सगळ्या लोखंडाचा भार त्याच्यावर. तो वाट असतो, दोन तुकड्यांमधल्या फटींतून हवा वर जाते आणि लोखंड खाली येतं. शिवाय लोखंडाला कार्बन तोच पुरवतो. ही कामं जमायची तर तुकडा ठरावीक मापाचा हवा. जुना ठोकताळा असा, की भट्टीच्या आतल्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, थोडा कमी-जास्त. अब्बांची भट्टी ३० इंची होती. म्हणजे तुकडा ३ इंचांच्या जवळपास. खालाला इंच माहीत नव्हते. तिचं माप मुठीचं होतं. मुठीएवढा घ्यायचा, मुठीत लपला तर टाकायचा, दोन मुठींहून मोठा असला तर हातोडीने फोडायचा.

तिचं काम दिसायला अगदी साधं. तिरकी उभी केलेली जाळी, तिच्यावर फावड्याने कोक मारायचा, बारीक माल जाळीतून पलीकडे पडतो, जाड माल घरंगळत अलीकडे येतो. मग त्यातला दगड, शेल, अर्धवट कोक झालेले जड काळे तुकडे हाताने वेचायचे. चांगला कोक एकमेकांवर आपटला की खणखणतो, कच्चा असला की बद्द वाजतो. ती आवाजावरून ओळखायची. चार बायका होत्या या कामावर. तोंडाला पदर बांधूनही संध्याकाळी थुंकी काळी यायची.

एवढं निवडायला लागायचं, कारण कोक यायचा झारखंडातून, तेव्हाच्या बिहारमधून, धनबाद-झरियाच्या बाजूने. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट. भट्टीपाशी भरताना एकदा आपटतो, वाघिणीतून उतरवताना पुन्हा, ट्रकमध्ये पुन्हा, अंगणात ओतताना पुन्हा. कोकची मजबुती तपासायची जी चाचणी आहे ती म्हणजे तरी काय, तर ठरलेल्या उंचीवरून चार वेळा पाडायचा आणि किती तुकडे मोठेच्या मोठे राहिले ते मोजायचं. आमच्या अंगणात येईपर्यंत प्रत्येक ट्रकची ती चाचणी रस्त्यातच झालेली असायची. त्यात आपल्याकडच्या कोकमध्ये राख भरपूर. पुस्तकातली भट्टी एक किलो कोकवर आठ-दहा किलो लोखंड वितळवते, आमच्याकडे पाच-सहा झालं तरी बरं म्हणायचे.

आता त्या दोन महिन्यांबद्दल सांगते. शेठला एका दलालाने स्वस्तात कोक देऊ केला. माल बारीक होता, सुपारीपासून लिंबापर्यंत. तो तसाच वापरायचा म्हटल्यावर निवडायचं कारणच उरलं नाही. चार बायकांना घरी बसवलं. शेठचं म्हणणं असं, की बारीक कोळसा लवकर पेटतो, जास्त जळतो, मग उष्णता जास्तच मिळेल ना? ऐकायला हे पटतं. घरी शेगडी पेटवताना आपणही बारीक तुकडेच आधी घालतो. शाळेतल्या पुस्तकातही असतं, की पृष्ठभाग वाढला की ज्वलन जलद होतं. ते खोटं नाही. पण शेगडीत हातभर उंचीचा सुद्धा कोळसा नसतो. कुपोलात तो पुरुषभर उंच असतो आणि गोम तिथेच आहे.

ट्वियरमधून आलेली हवा कोकला भेटली की कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. एक किलो कार्बन असा पूर्ण जळला तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी उष्णता निघते. लोखंड वितळवणारी उष्णता ती हीच. पण हा तापलेला वायू तिथे थांबत नाही, वर चढतो आणि त्याला आणखी कोक भेटतो. मग उलटाच प्रकार होतो. कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोकमधला कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या क्रियेत उष्णता निघत नाही, खर्च होते. हिशेब केला तर मोनॉक्साइडवर थांबलेल्या एक किलो कार्बनची उष्णता सुमारे २,४०० किलोकॅलरीच भरते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कोक जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितकी ही चोरी जास्त. जो गुण शेगडीत कामाचा तोच इथे घात करतो. कोक जास्त संपतो आणि लोखंड थंड निघतं.

दुसरं म्हणजे वाट बंद होते. मोठे बटाटे भरलेल्या पोत्यात ज्वारी ओतली तर काय होईल? सगळ्या फटी भरतील. हवेला मधून जाता येत नाही, मग ती भिंतीच्या कडेकडेने वर सटकते, अस्तराच्या विटा खाते आणि भट्टीचा मध्य थंड राहतो. वितळतं कडेला, अडकतं मध्ये. ब्लोअरजवळ काचेची वाकडी नळी असायची, तिच्यातलं पाणी दाबाबरोबर चढायचं. त्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा वर आणि लोखंड नेहमीपेक्षा थंड, असं चालू झालं. वरच्या दाराशी निळी ज्योत मोठी दिसू लागली. भट्टी सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना आम्ही मुलं मामू म्हणायचो. ते म्हणत, वर दिवाळी दिसली की खाली अंधार समजायचा. वर जो निळा जळतोय तो खाली मिळायला हवी होती ती उष्णता.

दारापाशी थर टाकणाऱ्यांची डोकी दुखायची, उलट्या व्हायच्या. त्याचं कारण ऊन म्हणून सांगितलं जायचं. तो मोनॉक्साइडच. याला वास नाही, रंग नाही. घरात कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूने. थंडीत कोणी अशी शेगडी घरात घेत असेल तर कृपया बाहेर ठेवा. खाला आमची शेगडी कायम अंगणातच ठेवायची, हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

खाली साच्यांजवळ काय होत होतं, ते अब्बा सांगायचे. चांगलं लोखंड तोंडातून येताना पिवळंपांढरं असतं, डोळे दिपतात, चौदाशे अंशांच्या वर. तेव्हा आमच्याकडे तापमान मोजायचं यंत्र नव्हतं, रंगावरूनच ओळखायचं. ते लोखंड आता केशरी येऊ लागलं. दोघांनी धरायच्या दांड्याच्या लेडलमधून साच्यापर्यंत नेईस्तोवर आणखी उतरायचं. थंड लोखंड पातळ कडांपर्यंत पोचत नाही, कोपरा अपुरा राहतो. दोन बाजूंनी आलेले प्रवाह मध्ये भेटतात पण मिसळत नाहीत, तिथे केसासारखी रेघ राहते. आतला वायू बाहेर पडायच्या आधी वरचा थर थिजतो आणि आत फुगे अडकतात. मळी घट्ट असल्यामुळे नीट वेगळी होत नाही, तिचे खडे ओतकामात जातात. हे सगळं दिसतं तरी. जे दिसत नाही ते आणखी महाग पडतं. थंड लोखंड कोकमधून कार्बनही कमी उचलतं. त्यात कोक जास्त लागला म्हणजे त्यातलं गंधकही जास्त मिसळतं. मग जिथे भाग पातळ असतो तिथे कार्बन ग्राफाइटच्या रूपात सुटा होत नाही, लोखंडाशी बांधलेला राहतो. तुटलेली कडा राखाडी दिसायच्या ऐवजी पांढरी, काचेसारखी दिसते. लेथवर चढवलं की हत्यार मोडतं. मशीन शॉपमधून निरोप यायचा, जॉब हार्ड आलाय.

उलट फार मोठे ढेकळं टाकले तरी चालत नाही, हेही सांगायला हवं. मग फटी मोठ्या होतात, न वापरलेला ऑक्सिजन वरपर्यंत पोचतो आणि लोखंडातलं सिलिकॉन, मँगनीज जाळतो. पण आमच्याकडे तो त्रास कधी ऐकला नाही. स्वस्तात जे मिळतं ते बारीकच असतं.

मोल्डरांना मजुरी बॉक्समागे मिळायची. रिजेक्ट झालेल्या बॉक्सची मिळायची नाही. वाळू ओली असली, साचा सैल ठोकला, कोअर नीट वाळला नाही, तरी ओतकाम बिघडतं आणि तो दोष मोल्डरचाच. फुगे तसेही होतात आणि असेही होतात. त्यामुळे सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, की पोरं वाळूकडे लक्ष देत नाहीत. खालाचा रोज बंद होताच, आता अब्बांचा अर्ध्याच्या आसपास कापला जाऊ लागला. रमजान तोंडावर होता. अम्मीने कानातलं गहाण ठेवलं. खाला चुलीपाशी बसून म्हणायची, "वो कोयला नै भाई, चुरा हय. चुरे पे हीट निकलती क्या?" ज्या माणसांना हे ऐकवायला हवं होतं ती आमच्या चुलीपाशी नव्हती.

अब्बा सातवीपर्यंत शिकलेले, उर्दू शाळेत. त्यांनी भांडण केलं नाही. पुढच्या हीटला त्यांनी खडू घेतला आणि प्रत्येक बॉक्सवर, तो कितव्या लेडलमधून भरला तो आकडा लिहिला. फक्त स्वतःच्या नाही, चारही मोल्डरांच्या. उर्दू आकड्यांत लिहिला, कारण हात तसाच वळायचा. युक्ती सोपी होती. दोष वाळूचा असेल तर एखाद्या मोल्डरचे बॉक्स बिघडतील, दुसऱ्याचे वाचतील आणि लेडलच्या क्रमाशी त्याचा संबंध नसेल. दोष लोखंडाचा असेल तर एका लेडलनंतर सगळ्यांचेच बिघडतील.

तसंच झालं. पहिला लेडल सगळीकडे जरा थंडच असतो, त्यातून वजनाचे ठोकळे ओतायची पद्धत होती. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंत चौघांचंही काम बरं आलं. पंधराव्यापासून पुढे चौघांचंही गेलं. कारण भट्टीची गादी मामूंनी हट्टाने मागच्या शिल्लक, निवडलेल्या कोकची रचली होती. ती जोवर टिकली तोवर लोखंड तापलेलं आलं. गादी जळत जाते तशी वरच्या थरांतल्या कोकने ती भरून निघायची असते, आणि ते थर होते नव्या बारीक मालाचे. संध्याकाळी बॉटम पाडला तेव्हा खाली जे कोसळलं त्यात मळीत लडबडलेला, न जळलेला चुरा ढिगाने होता.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी फोडलेल्या कडा ओळीने मांडल्या, राखाडी एकीकडे, पांढऱ्या दुसरीकडे. सुपरवायझरला खडूचे आकडे वाचता येईनात. तो म्हणाला, हे काय लिहिलंय? मग त्याला अब्बांच्या शेजारी उभं राहून एकेक आकडा त्यांच्याकडूनच वाचून घ्यावा लागला, सगळ्यांसमोर. अब्बा हा भाग सांगताना हसायचे. एरवी ते फार हसणारे नव्हते.

पुढे या व्यवसायात बरेच उपाय आले. ट्वियरची एकाऐवजी दोन रांगा केल्या, एक खाली आणि एक सुमारे मीटरभर वर, तर वाया जाणारा मोनॉक्साइड वरच्या हवेत पुन्हा जळतो आणि कोक वाचतो. १९९८ साली टेरी या संस्थेने हावड्यातल्या एका फाउंड्रीत अशी भट्टी बसवून दाखवली. पण दोन रांगांच्या भट्टीलाही चाळलेला कोकच लागतो.

तो कोक शेठने परत पाठवला की कुठे विकला, ते अब्बांना कधी कळलं नाही. तीन आठवड्यांनी अंगणात जाळी पुन्हा उभी राहिली. चारपैकी तीन बायकांना परत बोलावलं, चौथी तोवर दुसरीकडे धुणीभांडी करायला लागली होती. तिचं काम बाकीच्या तिघींत वाटलं आणि त्याबद्दल रोज दीड रुपया वाढवला. निवडून उरलेला बारीक कोक खाला पाटी भरून घरी आणायची. आमच्या शेगडीला तोच माप बरोबर बसायचा. मोल्डरांच्या कापलेल्या पैशांपैकी अर्धे मिळाले, तेही दिवाळीच्या बोनसात मिसळून, म्हणजे परत दिले असं कागदावर कुठे लिहायला नको.